फैलावाला आवर घालणारें प्रथिन

कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेनें काढतां येते. परंतु तिच्यांतून सुटलेल्या पेशी फुप्फुसांत वा हाडांत जाऊन वसल्या, म्हणजे वैद्यांचा इलाज खुंटतो. माझ्या थोरल्या बहिणीचें असेंच झालें. गाठ गेली, रोग राहिला.

१८८९ सालीं लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं स्तनाच्या कर्करोगानें दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रोगाचें बीज चोहोंकडे उडतें, पण अनुकूल भूमींतच रुजतें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. बीजालाच आवरणारें कांहीं पेशींत असतें काय, हें कळावयास मात्र जवळजवळ शतक लोटलें.

१९८८ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत पॅट्रिशिया स्टीग यांनीं उंदरांच्या एकाच कर्करोगांतील फार पसरणाऱ्या व क्वचित् पसरणाऱ्या पेशी ताडून पाहिल्या. एक जनुक क्वचित् पसरणाऱ्या पेशींत जोमानें काम करी. दुसऱ्यांत तें मंदावलें होतें. त्यास ‘एनएम २३’ म्हणतात. नांव रुक्ष खरें! १९९६ सालीं हर्शी गांवीं सांपडलेल्या अशाच जनुकास तेथील प्रसिद्ध चॉकलेटावरून ‘किस १’ हें नांव पडलें. असो. १९९१ सालीं स्टीग यांचें जनुक पसरणाऱ्या पेशींत घातलें, तेव्हां फैलाव घटला.

मग औषध कोठें अडलें? बहुतेक औषधें एखादी क्रिया रोखतात. येथें हरपलेलें प्रथिन शरीरभर विखुरलेल्या पेशींत पुन्हां उत्पन्न करावयाचें आहे. शिवाय मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा ह्या कर्करोगांत हेंच प्रथिन वाढलेलें असतां रोग अधिक उग्र आढळतो. २००५ सालीं स्टीग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका जुन्या संप्रेरक-औषधानें उंदरांतील फैलाव कमी करून दाखविला. रुग्णांच्या नित्य उपचारांत मात्र हा मार्ग अद्याप आलेला नाहीं.