वही, पंचकार्ड आणि मामाचं सॉफ्टवेअर

आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर निवडायची एक ठरलेली पद्धत असते. एक्सेल उघडायचं, डावीकडे फीचर्स, वर प्रॉडक्टची नावं, मधे टिकमार्क. ज्याचे टिकमार्क जास्त, ते घ्यायचं. ऑफिसात हे इतक्यांदा केलंय की झोपेतही जमेल. पण सानगडीच्या मामासाठी असं एक्सेल करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडलो. 'ग्राहकाची माहिती साठवता येते का?' अशी ती ओळ होती. ग्राहक म्हणजे नक्की कोण, हेच मला सांगता येईना.

सानगडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं गाव. गावाला जुना किल्ला, आजूबाजूला धानाची शेती. मामा १९९८ पासून तिथे आणि भोवतालच्या खेड्यांत एलआयसीचा एजंट आहे. साधारण चारशे पॉलिसी, दीडशेच्या आसपास घरं, आणि हा सगळा पसारा पाच जाड वह्यांमधे. आता मामेबहीण त्याच्या कामात उतरली आहे. तिला मामाचं अक्षर लागत नाही, म्हणून सॉफ्टवेअर हवं. मागणी अगदी साधी आहे.

मग दोन वीकेंड मी सॉफ्टवेअर बघायचं सोडून विम्याचा इतिहास वाचत बसलो. (घरच्यांच्या मते मी काम टाळत होतो :-) ) पण त्यातून 'ग्राहक कोण' या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळालं, ते इथे लिहितोय.

सुरुवात कंपन्यांपासून करू. आपल्याकडे १८१८ मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, ती मुख्यतः इथे राहणाऱ्या युरोपियनांसाठी. पुढेही बरीच वर्षं हिंदी माणसाचा विमा उतरवायचा तर जास्तीचा हप्ता घेत. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने हिंदी माणसाला सर्वसाधारण दराने विमा दिला. १९१३ मध्ये अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्याला वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. म्हणजे बघा, साताऱ्यासारख्या गावात विमा कंपनी! अशा कंपनीचं भांडवल म्हणजे पैशाइतकीच ओळख. कुणाच्या घरी कमावता कोण, कुणाची तब्येत कशी, हप्ता कुणाला झेपेल, हे एजंटला माहीत असल्याशिवाय धंदा होणंच शक्य नव्हतं.

कंपनी वाढली की ओळखीवर भागत नाही, नोंद लागते. ती कशी असावी हे कायद्याने ठरवलं. १९३८ च्या विमा कायद्याच्या चौदाव्या कलमात कंपनीने पॉलिसींचं एक रजिस्टर आणि दाव्यांचं एक रजिस्टर ठेवावं असं आलं. प्रत्येक पॉलिसीची नोंद, पॉलिसीधारकाचं नाव-पत्ता, पॉलिसी कधी सुरू झाली ती तारीख, आणि हस्तांतरण किंवा नॉमिनेशन झालं असेल तर ते. आमच्या भाषेत सांगायचं तर १९३८ साली डेटाबेसचा स्कीमा ठरला आणि त्याची प्रायमरी की झाली पॉलिसी. माणूस त्या रांगेतला एक रकाना. एकाच माणसाच्या तीन पॉलिसी असतील तर तो रजिस्टरात तीनदा येणार, आणि ते तिघं एकच आहेत हे रजिस्टरला कळणार नाही.

यात कायद्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. करार पॉलिसीचा असतो, कोर्टात उभी राहते ती पॉलिसीच. हिशोबाला हेच बरोबर.

पुढचा मोठा टप्पा १९५६ चा. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला आणि आयुर्विमा सरकारने हातात घेतला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. (त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावरून ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले.) १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, म्हणजे एकूण २४५ संस्था एकात आल्या. आज आम्ही दोन बँकांचा डेटा एकत्र करायचा म्हटलं तर दोन वर्षांचा प्रोजेक्ट मांडतो. इथे २४५ संस्थांच्या कागदी रजिस्टरांचं मायग्रेशन होतं!

इतका कागद हाताने आवरणं शक्य नव्हतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी एलआयसीत युनिट रेकॉर्ड मशिन्स आली, म्हणजे पंचकार्डांवर चालणारी यंत्रं. आयबीएमच्या प्रचलित पंचकार्डात ८० रकाने असत. एका रकान्यात एक अक्षर किंवा एक आकडा. पॉलिसी नंबर, तारीख, विमा रक्कम, हप्ता, तो वार्षिक की सहामाही की तिमाही, एवढ्यात कार्ड भरत येतं. 'मोठा मुलगा पुण्याला असतो, पैसे तोच पाठवतो' हे त्या ८० रकान्यांत कुठे बसवणार?

१९६४ मध्ये एलआयसीत कॉम्प्युटर आला आणि मोठं भांडण सुरू झालं. मशीन आलं की माणसं जाणार, ही कर्मचाऱ्यांची भीती. कलकत्त्यात इलाको हाउस या इमारतीत कॉम्प्युटर बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. शेवटी सरकारने ऑटोमेशनवर समिती नेमली. अध्यक्ष पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर, आणि अहवाल आला १९७२ मध्ये. आमच्या पिढीला हे वाचून हसू येतं, पण हसण्यासारखं त्यात काही नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत एआयच्या बातम्या वाचून आमच्या कँटीनमधे जे बोलणं चालतं, ते याहून फार वेगळं नाहीये.

१९८० च्या दशकात ती जुनी मशिन्स गेली आणि शाखांमधे मायक्रोप्रोसेसरवर चालणारे कॉम्प्युटर आले. जुलै १९९५ पासून ऑनलाइन सेवेची मोहीम सुरू झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये मुंबईतल्या ७४ शाखा एका नेटवर्कने जोडल्या गेल्या, आणि शहरातल्या कुठल्याही शाखेत हप्ता भरता यायला लागला. हे काम खरोखरच मोठं आहे. पण रजिस्टर ते कार्ड, कार्ड ते कॉम्प्युटर, कॉम्प्युटर ते नेटवर्क या सगळ्या प्रवासात १९३८ ची प्रायमरी की तीच राहिली. काउंटरवर आधी विचारतात तो पॉलिसी नंबर.

आता दुसऱ्या बाजूला मामाची वही.

वहीचं एक पान म्हणजे एक घर. वर घरातल्या कर्त्या माणसाचं नाव, खाली सगळी माणसं, त्यांच्या पॉलिसी, जन्मतारखा. आणि समासात बारीक अक्षरात खरी माहिती: 'धान विकल्यावर जाणे', 'फोन सुनेला करणे', 'मोठी मुलगी वडसा येथे दिली'. कंपनीची नोटीस पॉलिसीच्या तारखेला निघते. सानगडीतल्या घरात पैसा येतो तो धान कापून, मळून, विकून झाल्यावर. वार्षिक हप्त्याला सवलतीचे ३० दिवस मिळतात, त्यानंतर पॉलिसी लॅप्स. तारीख आणि धान यांच्यामधलं अंतर भरून काढणं हेच एजंटचं निम्मं काम, आणि त्यासाठी लागणारी माहिती फक्त समासात आहे.

मी मामाला विचारलं, वहीत पॉलिसी नंबरप्रमाणे का नाही लावलं? तो म्हणाला, "भाचेबुवा, पॉलिसी नंबर घेऊन कोनी दार वाजवते का?"

मुद्दा इथेच संपायला हवा होता. पण मग वाटलं, ग्राहक सांभाळायची सॉफ्टवेअर्स, म्हणजे सीआरएम, ती तर माणसालाच मध्यभागी ठेवतात ना? म्हणून त्यांचाही इतिहास बघितला. १९८७ मध्ये अमेरिकेत 'अ‍ॅक्ट' नावाचा प्रोग्राम आला, फिरत्या विक्रेत्यांसाठी नावं, फोन आणि भेटींची नोंद ठेवणारा. १९९३ मध्ये सीबेल कंपनी निघाली, १९९९ मध्ये सेल्सफोर्स. ही सगळी विक्रेत्यांसाठी जन्मलेली माणसं-नोंदणी. त्यांच्या विचारात आधी असतो 'लीड', मग 'डील', आणि डील क्लोज झालं की टाळ्या. विम्यात सही झाली की काम सुरू होतं आणि ते वीस-पंचवीस वर्षं चालतं. त्यातलं सगळ्यात मोठं काम तर पॉलिसीधारक गेल्यावरचं.

तर फीचरचं एक्सेल बाजूला ठेवलं आणि वेगळी परीक्षा घेतली. मामाच्या वहीतलं एकच पान, एकच घर, प्रत्येक पर्यायात भरून बघायचं. म्हातारे वडील, दोन मुलं, एक सून, लग्न झालेली मुलगी, सात पॉलिसी आणि घरात मिळून दोन फोन.

पहिला पर्याय, एक सर्वसाधारण क्लाउड सीआरएम. दिसायला देखणं. पण दुसऱ्या माणसालाच ते म्हणालं, हा फोन नंबर आधीच आहे, दोन्ही नोंदी एक करू का? त्याच्या हिशोबाने एक फोन म्हणजे एक माणूस. सानगडीत एक फोन म्हणजे एक घर.

दुसरा पर्याय, विमा एजंटांसाठी बनवलेलं एक तयार सॉफ्टवेअर. यात घराचा गट करता येतो, हप्त्यांची यादी निघते, वाढदिवसही निघतात. पण भरलेली माहिती बाहेर काढायची तर फक्त पीडीएफ. उद्या लायसन्सचे पैसे भरले नाहीत, किंवा बनवणाऱ्याने दुकान बंद केलं, की वीस वर्षांची माहिती आत अडकली.

तिसरा, त्याच प्रकारातलं दुसरं एक सॉफ्टवेअर. दिसायला जुनाट. पण घराचा गट आहे, प्रत्येक माणसापुढे मोकळा शेरा लिहिता येतो, आणि सगळी माहिती सीएसव्हीमधे बाहेर पडते. चौथा म्हणजे साधं एक्सेल. त्यात सगळं बसतं, फक्त आठवण करून देणारं कुणी नाही.

हे पान भरताना एक गोष्ट दिसली आणि मी थांबलो. धाकट्या मुलाची पॉलिसी लग्नाआधीची. नॉमिनी आई. आई चार वर्षांपूर्वी गेली. मग त्याचं लग्न झालं, एक मूल झालं, पण नॉमिनी बदलायचं राहून गेलं. नॉमिनी आधीच गेलेला असेल तर पैसे वारसांना मिळतात, पण ते मिळवायला वारसपणा सिद्ध करणारे कागद उभे करावे लागतात. त्या सुनेने ऐन दुःखात किती खेपा घालायच्या? कंपनीच्या नोंदीत हे दिसणार नाही, कारण तिथे आईचं निधन नोंदवायला कुणी गेलेलंच नाही. वहीत मात्र आईच्या नावापुढे तारीख आहे. दोन नोंदी एका पानावर आल्या तरच हे कळतं. आणि जिथे कुणाला पॉलिसीचीच माहिती नसते, तिथली रक्कम दहा वर्षं कुणी मागितली नाही तर ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. नंतरही मागता येते, पण त्यासाठी आधी ती आहे हे माहीत हवं ना.

तर निवड झाली तिसऱ्याची, त्या जुनाट दिसणाऱ्याची. मामेबहिणीसाठी तीन नियम लिहून दिले. एक, दर महिन्याला सीएसव्ही काढून पेन ड्राइव्हवर ठेवायची. दोन, समासातली प्रत्येक ओळ शेऱ्यात उतरवायची, 'बिनमहत्त्वाचं' म्हणून काही गाळायचं नाही. तीन, आधारचे फोटो आणि आजारांचे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पडून राहू द्यायचे नाहीत. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. पण कायदा नसता तरी, दीडशे घरांनी आपली दुखणी मामाला विश्वासाने सांगितलेली आहेत.

विमा क्षेत्रात एक शब्द आहे, 'ऑर्फन पॉलिसी'. जिचा एजंट काम सोडून गेला किंवा वारला, ती अनाथ पॉलिसी. पॉलिसी कंपनीत सुखरूप असते, नंबर असतो, तारखा असतात. फक्त धान विकल्यावर दार वाजवणारं कुणी उरत नाही. मामा आता साठीला आलाय.

सध्या पहिली वही निम्मी भरून झालीये. रोज रात्री जेवणानंतर मामा वाचून दाखवतो आणि बहीण टाइप करते. मधेच तो एखाद्या घराची गोष्ट सांगत बसतो, आणि त्या दिवशी जेमतेम दोन पानं होतात.