फिरत्या घराच्या विस्तवाचा बंदोबस्त

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण घर बदलत हिंडणाऱ्या माणसाला सहज लावतो. पण पलंग, मोरी, कपाटे, भांडीकुंडी आणि शेगडी एवढा संसार चाकांवर चढवून मोटारीमागे जोडलेले अमेरिकेतील ट्रॅव्हल ट्रेलर हे घर पाहिले म्हणजे ती म्हण जणू त्याच्यासाठीच घडली असावी असे वाटू लागते. फरक इतकाच, की विंचवाची नांगी मागे असते, आणि या बिऱ्हाडाचा विस्तव पुढे असतो. बैलगाडीला जेथे जू येते त्या जागी, पुढे निमुळत्या होत गेलेल्या त्रिकोणी लोखंडी दांडीवर, प्रोपेन वायूच्या दोन टाक्या शेजारीशेजारी उभ्या केलेल्या असतात, आणि त्यांच्यावर बहुधा पांढऱ्या रंगाचा एक प्लास्टिकचा टोप घातलेला असतो. हा टोप वाऱ्याने उडू नये म्हणून तो कसा बांधावा, हा प्रश्न वरकरणी इतका क्षुल्लक आहे की त्यावर निबंध लिहिणे म्हणजे राईचा पर्वत करणे होय, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. तथापि त्या टोपाच्या खाली डोकावून पाहिले असता, घर आणि रस्ता या दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी हव्या असणाऱ्या माणसाने विस्तवाशी केलेल्या तडजोडीचा सारा इतिहास तेथे नांदताना दिसतो.

प्रवास करणाऱ्याची चूल हा पूर्वी प्रश्नच नव्हता, कारण प्रवासात चूल पेटती नसे. आपल्याकडे ऊसतोडणीसाठी घाटावर उतरणारी कुटुंबे मुक्कामाच्या जागी तीन दगड मांडीत आणि निघताना राख मागे सोडून जात. विस्तव गाडीत बसून प्रवास करीत नसे. हौसेखातर चाकांवरचे घर बांधून घेणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी एक म्हणजे गॉर्डन स्टेबल्स हा आरमारातून निवृत्त झालेला स्कॉटिश डॉक्टर. त्याने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यात दोन घोड्यांनी ओढावयाची 'वाँडरर' नावाची गाडी करवून घेतली, आणि तिच्यात स्वयंपाकाला तेलाचा स्टोव्ह ठेवला. पुढे मोटारी आल्या, आणि १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा शहरानजीकच्या डेसोटो पार्कमध्ये तंबू ठोकून राहणाऱ्या प्रवाशांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाचा संघ स्थापिला. मोटारीच्या रेडिएटरच्या बुचावर झाळलेला एक पत्र्याचा डबा हीच त्यांची खूण आणि हीच त्यांची सनद होती. या मंडळींचा स्वयंपाक लाकडावर, रॉकेलवर किंवा पंप मारून पेटविण्याच्या पेट्रोलच्या शेगडीवर होई. आणि चाळीतल्या खोलीत प्राइमसचा भडका उडालेला ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला अरुंद लाकडी डब्यात पेट्रोलची शेगडी पेटविणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

ज्या वायूने ही अडचण दूर केली त्याचा जन्मही मोटारीच्याच एका गाऱ्हाण्यातून झाला. १९१० साली पिट्सबर्ग येथे सरकारी खाण-खात्यातील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांच्याकडे अशी तक्रार आली, की विकत घेतलेले पेट्रोल घरी पोहोचेपर्यंत हवेत उडून जाते. त्यांनी पेट्रोलचा नमुना बाटलीत भरून नेला, तो त्या बाटलीचे बूच राहून राहून उडू लागले, आणि त्या उडणाऱ्या बुचाचा माग काढताना प्रोपेन व ब्यूटेन हे वायू निराळे काढण्याची युक्ती त्यांना सापडली. १९१२ साली पेन्सिल्व्हेनियातील वॉटरफर्ड येथील एका शेतकऱ्याच्या घरी हा बाटलीतला वायू प्रथम जोडण्यात आला, आणि पुढील वर्षी स्नेलिंग यांनी आपले पेटंट तेल-व्यापारी फ्रँक फिलिप्स यांस पन्नास हजार डॉलरांस विकले. योगायोग असा, की ज्या वायूचा शोध उडालेल्या झाकणापासून लागला, त्याच्या टाकीवरील झाकण उडू नये म्हणून नंतरच्या पिढ्यांना झगडावे लागले.

या टाकीच्या तोंडाचाही एक पूर्वेतिहास आहे. कार्ल फिशर या इंडियानापोलिसच्या उद्योगपतीने १९०४ च्या सुमारास मोटारींच्या दिव्यांसाठी दाबाखाली ॲसिटिलीन भरलेल्या टाक्या 'प्रेस्ट-ओ-लाइट' या नावाने विकावयास प्रारंभ केला. कारखान्यात स्फोट होऊ लागले तेव्हा नगराने वायू भरण्याचे काम आपल्या हद्दीबाहेर हुसकून लावले, म्हणजे विस्तवाला वेशीबाहेर काढण्याचा शिरस्ता येथेच पडला असे म्हणता येईल. त्या कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'पीओएल' म्हणून ओळखली जाणारी उलट्या आट्यांची जोडणी पुढे प्रोपेनच्या टाकीवर आली आणि दीर्घकाळ टिकली. जो नट उजवीकडे फिरविला की सुटतो आणि डावीकडे फिरविला की आवळतो, त्याने किती नवशिक्यांना घाम फोडला असेल! १९१३ साली किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत देश ओलांडणाऱ्या 'लिंकन हायवे'ची योजना पुढे रेटणारा गृहस्थही हा फिशरच होता. वायूची टाकी आणि तिला घेऊन धावण्याचा रस्ता, या दोहोंच्या मुळाशी एकच माणूस असावा, ही गोष्ट कादंबरीकाराने रचली असती तर अतिशयोक्त वाटली असती.

१९३० नंतरच्या दशकात, मंदीच्या ऐन भरात, ट्रेलरची अशी काही लाट आली की डेट्रॉइटमध्ये आर्थर शेरमन यांचा 'कव्हर्ड वॅगन' कारखाना जोरात चालू लागला, इंडियानातील एल्कहार्ट गावाने या धंद्यावर आपले नशीब बांधले, आणि वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ साली 'क्लिपर' ही ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट ठोकून केलेली, विमानाच्या कायेची गाडी बाजारात आणली. आरंभी घरातील सोयी मुक्कामाच्या जागेवर अवलंबून असत. पण १९५७ साली त्याच कंपनीने 'इंटरनॅशनल' ही स्वयंपूर्ण म्हणून मिरविणारी गाडी काढली, आणि वीज किंवा नळ यांच्या ओशाळेपणातून मोकळे होण्याची आकांक्षा या धंद्याचे ब्रीद बनली. त्या आकांक्षेचा खरा भार प्रोपेनवर पडला. शेगडी, पाणी तापविण्याची टाकी, थंडीतील भट्टी ही तर त्याची कामे होतीच. पण स्वीडनमधील प्लाटेन आणि मुंटर्स या दोघा तरुणांनी १९२२ साली दाखवून दिलेल्या तत्त्वावर, कोणतेही यंत्र न फिरता केवळ ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया खेळवून थंडावा निर्माण करणारे शीतकपाटही त्याच टाकीवर चालू लागले. बर्फ जमविण्यासाठी विस्तव पेटविणे हा विरोधाभास अलंकारशास्त्रातून उठून संसारात आला तो असा.

हा वायू दांडीवरच, घराबाहेर का ठेवावा लागला, याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप राहतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही शेगडीला दगा देत नाही. हा गुण ब्यूटेनच्या अंगी नाही, कारण शून्य अंशाच्या आसपास तो थिजल्यासारखा होऊन टाकीतच बसून राहतो. परंतु प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे, आणि गळती झाली की धुरासारखा वर न जाता पाण्यासारखा खाली उतरून खोलगट जागेत साचतो. घराच्या आत टाकी ठेवली तर जमिनीलगत साचलेल्या त्या अदृश्य डबक्यात शेगडीची एक ठिणगी पुरे. म्हणून टाकी बाहेर आली. आणि बाहेर आली म्हणून तिला ऊन, पाऊस, चिखल व खडी यांपासून राखण्याची नवी जबाबदारी अंगावर पडली.

अशी एक गाडी उभी करून जवळून पाहावी. वीस किंवा तीस रत्तल वायू मावणाऱ्या दोन टाक्या (तीस रत्तल म्हणजे साडेतेरा किलो, आपल्या घरच्या सिलिंडरहून किंचित कमी) एका पत्र्याच्या तबकात उभ्या असतात; त्यांच्या मधोमध आट्यांची एक लांब सळई खालच्या लोखंडाला रोवलेली असते, आणि दोन्ही टाक्यांना वरून दाबून धरणारी आडवी पट्टी त्या सळईवर विंग नटाने आवळलेली असते. दोन्ही टाक्यांच्या नळ्या एका रेग्युलेटरला मिळतात. तो टाकीतील प्रचंड दाब अकरा इंच पाण्याच्या स्तंभाइतका सौम्य करून घरात सोडतो, आणि एक टाकी रिकामी झाली की आपोआप दुसरीवर जाऊन हिरव्याऐवजी लाल खूण दाखवितो. या रेग्युलेटरला श्वास घेण्यासाठी एक बारीक छिद्र असते, आणि त्याचे तोंड खाली असावे लागते. त्यात पाणी शिरून गोठले किंवा चिखल बसला तर दाबाची सगळी शिस्त बिघडते. टोप पाहिजे तो शोभेसाठी कमी आणि या एका छिद्रासाठी अधिक, हे एकदा समजले की त्या पांढऱ्या प्लास्टिककडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आता रस्त्यावरचा प्रसंग घ्यावा. पुढे ओढणारी मोटार तासाला शंभर किलोमीटर वेगाने हवा फाडीत जाते, आणि तिच्या मागे वळलेली वावटळ नेमकी या दांडीवर येऊन आदळते. टोप वजनाने हलका व पोटाने पोकळ. खालून शिरलेला वारा त्याला टोपीसारखा उचलतो. वरच्या छिद्रातून सळईचे टोक बाहेर काढून त्यावर विंग नट फिरवावा, तर मैलोन् मैल चाललेल्या थरथरीने तो हळूहळू सैल होतो, आणि छिद्राभोवतीचे प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होऊन चिरते. मग कोणी खाली रुंद वायसर घालतो, कोणी नटावर नट चढवून त्याला कुलूप लावल्यासारखे करतो, कोणी आकडे लावलेली रबरी दोरी टोपावरून ताणून दांडीला अडकवितो. पण ते रबर दोन उन्हाळ्यांत कुजते, आणि तुटलेला आकडा सपकन मागे येऊन पत्र्यावर ओरखडा उठवितो. आवळपट्टी अधिक टिकाऊ खरी, परंतु मुक्कामी टाकीची कळ बंद करावयास हात घालायचा म्हटले की तीच पट्टी आडवी येते. आणि ज्याने कंटाळून टोपाच्या खालच्या फटी चिकटपट्टीने बुजविल्या, त्याने वारा अडविला खरा, पण गळालेला वायू निसटून जाण्याची एकमेव वाट बंद केली. टोप बांधावा, पण कोंडू नये. हा त्या टोपाच्या विद्येचा गाभा होय.

कायद्याची तजवीजही याच दिशेने झाली. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साचून झालेल्या स्फोटात सुमारे तीनशे जीव गेले, तेव्हा वायूला दुर्गंधी मिसळण्याची सक्ती करणारे कायदे झाले. प्रोपेनला आज जो कुजक्या कोबीसारखा दर्प येतो तो त्या पहाऱ्याचा आहे. टाकी ८० टक्क्यांवर भरू नये, कारण उन्हात द्रव फुगतो, हा नियम माणसाच्या डोळ्यांवर सोडून चालेना म्हणून पुढे टाकीतच तरंगता अडसर बसविण्यात आला. १ एप्रिल २००२ पासून ज्या लहान टाकीला तो नाही, म्हणजेच जिच्या कळीला तीन कोनांची मूठ नाही, ती भरून द्यावयाची नाही असा दंडक झाला. उलट्या आट्यांची जागा हाताने आवळता येणाऱ्या, सरळ आट्यांच्या प्लास्टिक नटाने घेतली. तो आगीच्या धगीने वितळला की वायूची वाट आपोआप बंद होते. एकेक अपघाताचा धडा एकेका सुट्या भागात घडवून बसविला गेला.

आपल्याकडे बर्मा-शेल कंपनीचा 'बर्शेन' वायू १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या स्वयंपाकघरांत आला, तेव्हा शेगडीच्या निळ्या ज्योतीसमोर उभ्या राहिलेल्या गृहिणीला अमेरिकेच्या हमरस्त्यावरील या टाक्यांचे काही कारण नव्हते. परंतु ओट्याखालच्या ज्या कपाटात आपण सिलिंडर ठेवतो, त्याच्या दाराला सुतार खालच्या बाजूस जाळी किंवा छिद्रे ठेवतो, ती ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी त्या टोपाखाली फट ठेवलेली असते. फारसीत 'बंद' आणि 'बस्त' ही दोन्ही पदे बांधण्याच्याच अर्थाची आहेत. मराठीत येताना पहिल्या पदाला झाकण्याचा अर्थ चिकटला, आणि बंदोबस्त म्हटले की आपण दारे लावू लागलो. पहाटे मुक्काम हलविण्यापूर्वी ट्रेलरचा मालक टोपावर हात ठेवून तो हलवून पाहतो, नट अर्धा वेढा आवळतो, आणि मग वाकून खालची फट पानांनी किंवा चिखलाने भरलेली नाही ना, हे बोट फिरवून तपासतो. त्या बोटाला मूळ फारसी अर्थ ठाऊक असतो.