तीन नावांची पाहुणी

२४ नोव्हेंबर १८९२, थँक्सगिव्हिंगचा दिवस. सॅन दिएगोच्या खाडीपलीकडे, पॅसिफिक महासागराला लागून असलेल्या ‘हॉटेल डेल कोरोनाडो’त एक तरुण बाई एकटीच उतरली. नोंदवहीत तिने नाव लिहिले : मिसेस लॉटी ए. बर्नार्ड, डेट्रॉइट. बरोबर सामान जवळजवळ नव्हते. सामानाच्या पावत्या डॉक्टर भावापाशी आहेत, तो मागाहून येतोय, असे तिने सांगितले. भाऊ आला नाही.

हॉटेल सुरू होऊन तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. विजेच्या दिव्यांचे ते लाकडी राजवाडेच श्रीमंतांसाठी होते. अशा ठिकाणी एकटी, आजारी, सामानाविना आलेली बाई नोकरांच्या डोळ्यांत भरल्याशिवाय कशी राहील? पुढे चौकशीत त्यांनीच बारीकसारीक सांगितले : ती दुखण्याने हैराण होती, पोटाचा कॅन्सर असल्याचे सांगत होती, खोलीत तिने कागद जाळले. सोमवारी ती सॅन दिएगोत जाऊन पिस्तूल आणि गोळ्या घेऊन आली. २९ तारखेच्या सकाळी, वादळी रात्रीनंतर, समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर तिचा मृतदेह आढळला. डोक्यात गोळी होती आणि पिस्तूल जवळच पडले होते.

कोरोनरने (हा अधिकारी मुंबईतही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होता) आत्महत्येचा निष्कर्ष दिला. पण ती होती कोण? तारांवर तारा गेल्या, वर्तमानपत्रांनी तिला ‘सुंदर अनोळखी स्त्री’ म्हणून घरोघर पोचवले. लॉटी बर्नार्ड नावाची कुणी सापडेना. डेट्रॉइटमधल्या एका आईला तर ती आपलीच बेपत्ता मुलगी वाटली.

उलगडा झाला तो एका ट्रंकेमुळे. लॉस एंजेलिसमध्ये एका घरी केटी लोगन नावाची मोलकरीण काम करत होती. ती थँक्सगिव्हिंगच्या सुमारास बाहेर पडली ती परतलीच नाही. तिच्या मागे राहिलेल्या ट्रंकेतल्या वस्तूंवरून कळले की ही आयोवा राज्यातली केट, माहेरची फार्मर, सासरची मॉर्गन. नवरा टॉम मॉर्गन जुगारी म्हणून ओळखला जाई. एक मूल झाले होते, तेही जन्मल्यावर लगेच गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण समुद्राकाठच्या जुन्या हॉटेलात अशी गोष्ट संपत नाही. केटच्या खोलीत दिवे आपोआप लुकलुकतात, पावले ऐकू येतात, असे पाहुणे सांगू लागले. १९८०च्या दशकात ॲलन मे नावाच्या वकिलाने या प्रकरणाचे कागद उकरले आणि त्यावर पुस्तक लिहिले. जखमेतली गोळी त्या पिस्तुलाची नव्हती, तिला नवऱ्याने मारले, असा त्याचा दावा. आगगाडीत एका जोडप्याचे भांडण पाहिल्याच्या हकिकतीही त्याला पूरक ठरल्या. म्हणजे १८९२ची आत्महत्या शतकानंतर खून झाली आणि भुताला सूड घेण्यासाठी एक कारण मिळाले.

मला हा दावा पटत नाही. शरीर मातीत गेल्यावर गोळीची मापे जुन्या वर्णनांवरून काढायची, हा पुरावा फार पातळ आहे; पिस्तुलाची खरेदी, जाळलेले कागद आणि आजारपण यांच्याबद्दल मात्र साक्षी झालेल्या आहेत. तरीही लोकांना खून का हवासा वाटतो, हे समजते. खुनात दोषी कुणीतरी एक असतो. आजारी मोलकरीण आपली शेवटची रजा महागड्या हॉटेलात खोट्या नावाने का काढते, या प्रश्नाला असा एक आरोपी नाही. नवरा होता, पण त्याच्याबरोबर घर नव्हते आणि मूल उरले नव्हते. शेवटी जवळ होत्या त्या घंटी वाजवल्यावर येणाऱ्या हॉटेलच्या पोऱ्याच्या खेपा.

हॉटेलच्या वारसा विभागाने पुढे तिच्यावर पुस्तकही काढले. आता तिची खोली मुद्दाम मागून घेतली जाते. त्यात मला एक गोष्ट खुपते. भुताला सगळे केट मॉर्गन म्हणतात. हॉटेलात पाऊल टाकताना तिने जे नाव बाहेरच ठेवले होते, नेमके तेच. तिने निवडलेल्या लॉटी बर्नार्डची आठवण कुणी काढत नाही.

ओळख पटल्यावर तिकडे आयोवात तिच्या आजोबांना कळवण्यात आले. त्यांची तार आली : तिला पुरा आणि हिशेब पाठवा. सॅन दिएगोच्या माउंट होप दफनभूमीत तिला पुरले. नवरा आला नाही.