क्रेफिश-पिंजरा, नौकानिवासींचा

इंग्लंडातील कालव्यांवर ‘नॅरोबोट’ नामक, जेमतेम दोन मीटर रुंदीच्या लांबट नावेत बारमाही बिऱ्हाड थाटून राहणारे लोक गोड्या पाण्यातील ‘सिग्नल क्रेफिश’ हा कवचधारी प्राणी धरण्यासाठी जो जाळीचा पिंजरा वापरतात तो. क्रेफिश दिसण्यात शेवंडासारखा, मात्र आकाराने लहान व पुढे दोन भक्कम नांग्या असलेला. भारतात त्याची मूळ जात नाही, त्यामुळे मराठीत त्याला रूढ नावही नाही.

मूळ उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील ही जात १९७०–८० या दशकात पैदाशीसाठी ब्रिटनमध्ये आणली गेली. शेततळ्यांतून ती निसटली, आणि स्वतःला सहसा न बाधणारा, परंतु पांढऱ्या नांग्यांच्या देशी क्रेफिशला प्राणघातक ठरणारा रोग तिने जलाशयांत पसरविला. शिवाय बिळे करून ती काठ पोखरते, ते वेगळेच.

पिंजऱ्याची तोंडे आत निमुळती होत जातात, त्यामुळे शिरणे सुलभ व निघणे दुष्कर होते. माशाचे डोके आत बांधून सायंकाळी तो दोरीने तळाशी सोडतात, कारण हा प्राणी निशाचर आहे. सकाळी दोरी ओढताच शेपट्यांची फडफड ऐकू येते. नांग्या पोहोचू नयेत म्हणून प्राणी पाठीमागून धरावा लागतो. शिजविताना शेपटीचे मधले पाते पिळून ओढले की आतड्याचा काळा दोरा निघतो. उकळत्या पाण्यात तपकिरी कवच तांबडेलाल होते.

या शिकारीस एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा परवाना, पिंजऱ्यावर तिचा बिल्ला आणि जलमालकाची संमती आवश्यक असते. पाणमांजर अडकू नये म्हणून तोंड ९५ मिलिमीटरांहून रुंद ठेवण्यास मनाई आहे. पिंजऱ्याची लांबी ६०० व रुंदी ३५० मिलिमीटरांपर्यंतच चालते. दर चोवीस तासांत तो तपासावा लागतो, आणि हाती आलेला सिग्नल क्रेफिश पुन्हा पाण्यात सोडण्याची मुभा नाही.

पिंजऱ्यात बहुधा मोठे प्राणीच सापडतात. हेच मोठे एरवी पिलांना खातात, म्हणून अशा पकडीने ताटाची सोय झाली तरी उपद्रवाचा बंदोबस्त होत नाही. त्यातच, कायम नांगरवाड्याची जागा नसलेल्या नावेस १९९५ च्या कायद्यान्वये एका ठिकाणी सामान्यतः चौदा दिवसांहून अधिक थांबता येत नाही, आणि ओल्या जाळीतून रोगाचे बीजाणू तिच्याबरोबर प्रवास करू शकतात. सबब, मुक्काम हलविण्यापूर्वी पिंजरा व दोरी धुऊन पूर्ण वाळविणे, हा या शिकारीतील अखेरचा आणि सर्वांत महत्त्वाचा विधी होय.