सहाचा खेळ, भारतमाता

लालबागच्या उड्डाणपुलाखाली उभा राहा आणि आधी तो पूलच काढून टाक. तो 2011 चा. आपल्याला जायचंय 1975 मध्ये. डोक्यावर आभाळ आलं? मग गिरणीची चिमणी दिसेल, धुरासकट. आता तू नऊ वर्षांचा. चड्डीचं एक बटण तुटलंय, ते आईला अजून कळलेलं नाही.

साडेतीनचा भोंगा होतो आणि फाटकातून पहिली पाळी बाहेर पडते. त्या गर्दीत तात्याकाका शोधायचे. सोपं नाही, कारण सगळ्यांच्याच केसांत, भुवयांवर कापसाचा तूस. तात्या साचेखात्यात. तिथली माणसं मागांच्या खडखडाटात आठ तास ओठांवरून बोलणं ओळखतात आणि बाहेर आली की ओरडूनच बोलतात.

"आईला विचारलंस काय रे?" रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जातं.

तू मान हलवतोस. विचारलेलं नाही.

अंघोळ, चहा, धुतलेला सदरा. मग तात्यांचं बोट धरून मसाल्याच्या दुकानांवरून निघायचं. डंक धपधपतायत, लाल मिरची हवेत उडतेय. इथून न शिंकता पलीकडे गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुलाही तीन शिंका येतात, तिसरी शेंगदाणेवाल्यापाशी. तो हसतो आणि पुडीत चार दाणे जास्त टाकतो.

भारतमाता थेटर गिरणीला अगदी खेटून. जागाही गिरणीचीच. त्यामुळे थेटर आणि कारखाना अशी दोन जगं इथे नाहीतच; भोंगा ऐकून खेळाला निघायचं. तिकिटाच्या खिडकीचं भोक जेमतेम मुठीएवढं. तात्या मूठ आत घालतात, बाहेर काढतात तेव्हा मुठीत दोन चिटोऱ्या असतात. पातळ, गुलाबी, घामाने ओल्या. दारावरचा माणूस त्या अर्ध्या फाडतो. उरलेला अर्धा तुकडा तू कंपासपेटीत ठेवणार आहेस, मला माहीत आहे.

यंदा गाजतोय तो 'पांडू हवालदार'. दादा कोंडके पडद्यावर आले की शिट्ट्या अशा, की पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू येत नाहीत. साचेखात्याची मंडळी ती ओठांवरून वाचतात आणि बाकीच्यांच्या आधी हसतात. दादा परके नाहीतच. नायगावच्या चाळीत, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले. अपना बाजारात नोकरी केलेले. द्व्यर्थी विनोदावर अख्खं थेटर कोसळतं आणि तूही हसतोस. कशाला, ते तुला कळलेलं नाही. कळेल तेव्हा ओशाळशील.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू होईल, अडीच लाख माणसं घरी बसतील आणि त्यातली बहुतेक पुन्हा आत जाणार नाहीत. पण आता मध्यंतर आहे. गोटी सोडा फुटतोय. तुझं नाक झणझणतंय.

दिवे पुन्हा मालवतात. पंख्याचा वारा, अंधार, मऊ खुर्ची. तात्यांची मान हळूहळू तुझ्या खांद्यावर येते. पहाटे उठलेला माणूस आहे. खांदा अवघडला तरी हलवू नकोस.

घरी जाताना त्यांना शेवट कसा वाटला, असं मात्र विचारू नकोस. "एक नंबर!" म्हणून ओरडतील आणि मध्यंतरापर्यंतचीच गोष्ट सांगतील.