स्टेअरिंग बॉक्स उघडताना शिम फेकू नका

जालना जिल्ह्यातल्या शेतीच्या यांत्रिकीकरणावर काम करायचं ठरवलं की पहिल्यांदा हाताला लागते ती आकडेवारी. पशुगणनेत बैलांच्या जोडीला ट्रॅक्टरही मोजले जायचे (हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती). पण त्यातून फक्त संख्या मिळते. तो ट्रॅक्टर नांगराला जास्त चालला की ट्रॉलीला, मोडल्यावर भाग कुठून आला, दुरुस्ती कोणी केली, हे कुठल्याच रकान्यात नसतं. ते शोधायला मी गॅरेजमध्ये जाऊ लागले, आणि तिथे सगळ्यात बोलका भाग निघाला तो स्टेअरिंग बॉक्स.

थोडी पार्श्वभूमी. 1963 मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. मुंबईत कांदिवलीला बी-275 हे मॉडेल बनू लागलं. मूळचं ते इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातलं. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. 275 हा आकडा मात्र आजही महिंद्राच्या ट्रॅक्टरवर दिसतो. त्या काळात मागणी जास्त आणि उत्पादन कमी, त्यामुळे नंबर लावून थांबावं लागे. असा मिळालेला ट्रॅक्टर कोणी सहजासहजी मोडीत काढत नसे. इकडे 1976 मध्ये जायकवाडीचं उद्घाटन झालं, डाव्या कालव्याचं पाणी जिल्ह्याच्या दक्षिण भागात आलं, मागोमाग ऊस आला. म्हणजे ट्रॅक्टरला शेताइतकंच रस्त्यावरचं काम लागलं.

आता झीज. जुन्या ट्रॅक्टरमध्ये स्टेअरिंग बॉक्सच्या दोन-तीन जाती आढळतात. त्यातली कॅम-पेगची जात समजायला सोपी. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला सर्पिल खाचेचा कॅम असतो, त्या खाचेत रॉकर शाफ्टचा पेग बसतो. चाक फिरवलं की पेग खाचेतून सरकतो, शाफ्ट वळतो, त्यावरचा ड्रॉप आर्म पुढची चाकं वळवतो. ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळच चालतो, म्हणून खाच मधोमध सगळ्यात जास्त झिजते. खड्ड्यातला प्रत्येक दणकाही उलटा फिरून त्याच जागी बसतो. दोन्ही टोकं जवळजवळ नवी राहतात. इथेच खरी अडचण आहे: मधला प्ले काढायला बॉक्स घट्ट केला तर पूर्ण वळणावर स्टेअरिंग अडकतं. भरल्या ट्रॉलीसकट रस्त्यावर असं झालं तर जिवाशी खेळ आहे.

चांगला मिस्त्री म्हणून बॉक्सला लगेच हात लावत नाही. आधी ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट, किंगपिन, पुढच्या चाकांची बेअरिंग तपासतो. बराच प्ले तिथेच सापडतो. मग ड्रॉप आर्म आणि शाफ्टवर खूण करून पुलरने आर्म काढतो. कव्हरखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. एखादी काढली की ढिलाई कमी होते. वर्षानुवर्षं प्रत्येकाने एकेक शिम काढलेली असते, आणि काढायला काही उरलं नाही की बॉक्स पूर्ण बांधायची वेळ येते: नवे बुश, नवा पेग, बेअरिंग, ऑइल सील. कॅमचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. तो झिजून गेला असेल तर वेल्डिंगने भरून भागत नाही, कारण त्या उष्णतेने उरलासुरला कडकपणाही जातो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय पाहायचं? उरलेल्या शिम मोजा. कापून केलेली डब्याच्या पत्र्याची शिम दिसली तर कंपनीची मिळाली नाही किंवा परवडली नाही. बुशवर लेथच्या खुणा पाहा. गावातल्या वर्कशॉपचा तो दस्तऐवजच आहे. कॅम फक्त मधोमध खोल झिजला असेल तर बरंच आयुष्य रस्त्यावर गेलं असावं. ‘असावं’ हा शब्द जपून ठेवा. बॉक्स दुसऱ्याच ट्रॅक्टरचा बसवलेला असू शकतो, म्हणून चेसिस नंबर, मालकाची आठवण आणि झीज ही तिन्ही जुळल्याशिवाय मी वहीत निष्कर्ष लिहीत नाही. एकट्या धातूवर विसंबून प्रबंध लिहिणं मला तरी धाडसाचं वाटतं.

घाई आहे ती जालन्यामुळेच. या शहरातल्या भट्ट्या भंगार वितळवून सळया करतात. जुना ट्रॅक्टर विकला गेला की त्याचा कॅम, बुश, शिम सगळं काही दिवसांत कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातं. कागद निदान वाळवीला तरी वेळ देतो. म्हणून सध्या मिस्त्रींना एवढीच विनंती करते: काढलेले जुने भाग पिशवीत घालून त्यावर ट्रॅक्टरचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. अंबड तालुक्यातल्या एका गॅरेजमध्ये अशा अकरा पिशव्या झाल्या आहेत. पुढच्या आठवड्यात कॅलिपर घेऊन मोजायला बसणार आहे.