शाळेचे छप्पर आणि दोन तृतीयांश मते : कॅलिफोर्नियातील कर्जरोख्यांचा इतिहास

१/ १० मार्च १९३३. सायंकाळचे ५ वाजून ५४ मिनिटे. दक्षिण कॅलिफोर्नियातील लाँग बीच परिसर ६.४ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. सुमारे १२० माणसे मृत्युमुखी पडली. ७० शाळा जमीनदोस्त झाल्या आणि आणखी १२० शाळांची मोठी हानी झाली. मुले तोवर घरी परतली होती, म्हणून एक भीषण हत्याकांड टळले.

२/ हाच धक्का काही तास आधी बसता तर? या एका प्रश्नाने सारे राज्य अस्वस्थ झाले. कोसळलेल्या इमारती बहुतेक विटांच्या होत्या. भिंतींत पोलादी सळया नव्हत्या आणि भूकंपाचा विचार करून त्या बांधलेल्याच नव्हत्या. अवघ्या एका महिन्यात, १० एप्रिल १९३३ रोजी, ‘फील्ड कायदा’ संमत झाला. यापुढे प्रत्येक सार्वजनिक शाळेच्या आराखड्याला आणि बांधकामाला राज्याची तपासणी बंधनकारक झाली.

३/ मात्र हा कायदा नव्या इमारतींसाठी होता. जुन्यांचे काय? १९३९च्या ‘गॅरिसन कायद्या’ने १९३३पूर्वीच्या शाळा-इमारती तपासण्याची जबाबदारी स्थानिक शाळा मंडळांवर टाकली. इमारत धोकादायक आहे, हे तपासणीत कळे. ती पाडून नवी बांधायला पैसा कोठून आणायचा, हे मात्र कळत नसे. खरी कथा येथून सुरू होते.

४/ अमेरिकेत सार्वजनिक शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या स्थानिक घटकाच्या ताब्यात असतात. शिक्षकांचे वेतन वार्षिक उत्पन्नातून भागते. इमारतीसाठी लागणारी मोठी रक्कम एका वर्षात उभी राहत नाही. म्हणून डिस्ट्रिक्ट कर्जरोखे काढते. गुंतवणूकदार ते विकत घेतात, आणि पुढील २५-३० वर्षे परिसरातील मालमत्ता करात भर घालून मुद्दल व व्याज फेडले जाते.

५/ कर्ज फेडायचे लोकांनी, म्हणून संमतीही लोकांची हवी. कर्जरोख्यांचा प्रस्ताव निवडणुकीत मतदारांपुढे येतो. कॅलिफोर्नियाच्या १८७९च्या राज्यघटनेने अशा स्थानिक कर्जासाठी साधे बहुमत पुरेसे मानले नाही. दोन तृतीयांश मते हवीत, असे तिने ठरवले.

६/ या अटीमागे अनुभव होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक नगरांनी आणि परगण्यांनी रेल्वे कंपन्यांसाठी भरमसाट कर्जे काढली, आणि १८७३च्या मंदीत त्यांतील कित्येक बुडाली. आजच्या उत्साहाचा भार उद्याच्या करदात्यांवर पडू नये, ही भीती रास्त होती. पण या अटीचे गणित पाहा : एका नकाराचे वजन दोन होकारांएवढे झाले.

७/ ९ फेब्रुवारी १९७१, सकाळचे ६. सॅन फर्नांडोचा भूकंप. फील्ड कायद्यानंतर बांधलेल्या शाळा टिकल्या. १९३३पूर्वीच्या काही इमारतींची मात्र गंभीर हानी झाली. अडतीस वर्षे लोटली तरी त्या वापरात होत्या! या वेळीही मुले वर्गात नव्हती. नशिबाने दुसऱ्यांदा साथ दिली.

८/ त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ खटल्यात दुसरे दुखणे उघड केले. १९६८-६९मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या श्रीमंत वस्तीत प्रत्येक विद्यार्थ्यामागे ५०,८८५ डॉलरची करपात्र मालमत्ता होती, तर बाल्डविन पार्कमध्ये ३,७०६ डॉलरची. बाल्डविन पार्कचे रहिवासी दर १०० डॉलरमागे ५.४८ डॉलर कर भरत, बेव्हर्ली हिल्सचे २.३८. तरीही प्रतिविद्यार्थी खर्च बेव्हर्ली हिल्समध्येच दुपटीहून अधिक होता.

९/ पुढे दैनंदिन खर्चातील ही दरी राज्याने बरीच बुजवली. इमारतींचा भार मात्र मुख्यतः स्थानिक मालमत्तेवरच राहिला. तेवढ्यात करांविरुद्ध लाट उसळली. घरांच्या किमती भडकल्या, त्यांच्यामागोमाग कर वाढला, आणि निवृत्त वृद्धांना स्वतःच्याच घरात राहणे परवडेना. त्यांची व्यथा खोटी नव्हती.

१०/ ६ जून १९७८ रोजी ‘प्रपोझिशन १३’ सुमारे ६५ टक्के मतांनी संमत झाले. मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर थोपवला गेला. १ टक्क्याबाहेर सूट मिळाली ती केवळ आधी मंजूर झालेल्या कर्जांना. म्हणजे नव्या कर्जरोख्यांसाठी कर वाढवण्याची वाटच बंद झाली! १९८६च्या ‘प्रपोझिशन ४६’ने ती पुन्हा उघडली, दोन तृतीयांशाची अट मात्र तशीच राहिली.

११/ लॉस एंजेलिसचे उदाहरण बोलके आहे. नोव्हेंबर १९९६मध्ये तेथील शाळांच्या दुरुस्तीसाठी व बांधकामासाठी २४० कोटी डॉलरचा प्रस्ताव आला. त्याला ६५ टक्क्यांहून अधिक मते पडली, आणि तरीही तो हरला. एप्रिल १९९७मध्ये तोच प्रश्न पुन्हा मतदारांपुढे गेला, तेव्हा कोठे तो संमत झाला.

१२/ मार्च २०००मध्ये ‘प्रपोझिशन २६’ने साधे बहुमत पुरेसे मानावे, असे सुचवले. मतदारांनी ते फेटाळले. नोव्हेंबरमध्ये ‘प्रपोझिशन ३९’ने मधला मार्ग काढला : ५५ टक्के. गंमत अशी की हे प्रपोझिशन स्वतः सुमारे ५३ टक्के मतांनीच संमत झाले, कारण राज्यघटनेतील दुरुस्तीला साधे बहुमत चालते!

१३/ या सवलतीची किंमतही ठरली. कोणती कामे करणार याची यादी आधी जाहीर करायची, दरवर्षी लेखापरीक्षण करायचे, नागरिकांची देखरेख समिती नेमायची. आणि या पैशातून शिक्षकांचे वा प्रशासकांचे वेतन द्यायचे नाही. १८७९च्या घटनाकारांनी अविश्वासावर उंच कुंपणाचा उपाय केला होता. २०००मध्ये कुंपण उतरवून पहारा वाढवण्यात आला.

१४/ तरीही बाल्डविन पार्कचा प्रश्न शिल्लक राहतो. गरीब वस्तीने ९० टक्के मते दिली, तरी तिच्या स्वस्त घरांवरील करातून उभी राहणारी रक्कम तुटपुंजीच असते. राज्याचे साहाय्यही बहुतांशी स्थानिक वाट्याच्या प्रमाणात मिळते. मतांची अट शिथिल झाल्याने संमती सोपी झाली. विषमता मिटली नाही.

१५/ म्हणून हा इतिहास केवळ विटा-सिमेंटचा नाही. किती जणांच्या होकाराला ‘लोकांची इच्छा’ म्हणायचे, आणि एका वस्तीतील मुलांची सुरक्षितता त्याच वस्तीच्या घरांच्या किमतीवर सोपवायची का, हे त्याचे दोन मूळ प्रश्न आहेत. त्या छपराखाली बसणाऱ्या मुलांना मताधिकार नसतो. मात्र कर्जाचे शेवटचे हप्ते फिटेपर्यंत तीच मुले करदाते झालेली असतात.